पूर्व आणि आग्नेय आशियाई जेवणासाठी कोणतं महानगर? न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस, व्हँकुव्हर, लंडन की सिडनी

पानवाढप:
निव्वळ खाण्यासाठी आठवडाभराची सहल ठरते आहे. चौघं जण. भारतीय जेवण मोजायचं नाही. चिनी (एकाच प्रांतातलं नव्हे), व्हिएतनामी, थाई, कोरियन आणि जमलं तर जपानी. आशियातली शहरं मुद्दाम वगळली आहेत. सिंगापूर किंवा बँकॉक मध्ये आलं की तुलनेत काही उरतच नाही. शीर्षकातल्या पाचांपैकी एकच शहर निवडायचं आहे.

अटी दोन. गाडी शक्यतो भाड्याने घ्यायची नाही. आणि एक जण पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. दहा कोर्सचं महागडं जेवण नको, रोजच्या गिऱ्हाइकांची साधी हॉटेलं हवीत. 'सगळीकडे सगळं मिळतं' हे उत्तर कृपया नको. कुठे काय भक्कम, कुठे काय कच्चं, आणि ते ओळखायचं कसं, हे हवं आहे.

कढईखालचा_जाळ:
शहराला शहर लावून तुलना केली की घोळ होतो. या पाचही ठिकाणी चांगलं आशियाई जेवण शहराच्या मध्यात कमी आणि उपनगरांतल्या ठरावीक रस्त्यांवर जास्त आहे. जिथे त्या भाषेची माणसं आठवड्यातून तीनदा जेवायला येतात तिथे आचाऱ्याला चव सौम्य करून चालत नाही, कारण शेजारी तोच पदार्थ करणारी आणखी चार दुकानं असतात. शिवाय गिऱ्हाईक पुरेसं असलं की ताज्या नूडल्सचा कारखाना, टोफू करणारा, पालेभाज्या पिकवणारा हे सगळे आसपास उभे राहतात. हॉटेल कितीही चांगलं असो, हा पुरवठा नसेल तर ते गोठवलेल्या मालावरच चालतं.

या मापाने लॉस एंजेलिस पहिलं. सॅन गॅब्रिएल व्हॅली म्हणजे माँटेरे पार्क, अल्हाम्ब्रा, सॅन गॅब्रिएल आणि पुढे पूर्वेला रोलंड हाइट्स. १९७० आणि ८० च्या दशकांत तैवानी कुटुंबं आली, मग हाँगकाँगची, मग चीनच्या मुख्य भूमीवरची. त्यामुळे व्हॅली बुलेव्हार्डवर तैवानी न्याहारी, सिचुआन, हुनान, शांघाय, शिनजियांग सगळं एका रांगेत सापडतं. तैवानच्या दिन ताय फुंगने अमेरिकेतली पहिली शाखा २००० मध्ये आर्केडियात काढली, तीही याच पट्ट्यात. कोरियाटाउनमध्ये तर एकेक पदार्थाची स्वतंत्र दुकानं आहेत: एक फक्त हाडांचा रस्सा, दुसरं फक्त मऊ टोफूची आमटी, तिसरं फक्त थंड नूडल्स. एका पदार्थावर हॉटेल चालतं यापेक्षा मोठा पुरावा मी मागणार नाही. थाई टाउनला १९९९ मध्ये अधिकृत नाव मिळालं आणि तिथे दक्षिण थायलंडचं जहाल जेवणही मिळतं. व्हिएतनामीसाठी मात्र ऑरेंज काउंटीतल्या वेस्टमिन्स्टर आणि गार्डन ग्रोव्हला, बोल्सा ॲव्हेन्यूवर जावं लागतं. १९७५ नंतर आलेल्या निर्वासितांनी वसवलेला हा भाग शहराच्या मध्यापासून पन्नासेक किलोमीटर लांब आहे.

न्यूयॉर्कमध्ये चिनी प्रांतांची विविधता याच तोडीची. फ्लशिंगला ईशान्य चीन (दोंगबेई), वेन्झोऊ, शीआन. ब्रुकलिनच्या सनसेट पार्कमध्ये आठव्या ॲव्हेन्यूवर कँटोनीज (दक्षिण चीन आणि हाँगकाँगकडचं) आणि फुझोऊ. आत डुकराच्या मांसाचं सारण असलेले फुझोऊचे मासळीचे गोळे तिथे सहज मिळतात, इतरत्र शोधावे लागतात. एल्महर्स्टला थाई आणि इंडोनेशियन, वुडसाइडला फिलिपिनो, जॅक्सन हाइट्सला नेपाळी-तिबेटी मोमो. कच्ची बाजू व्हिएतनामी. मिळतं, सुधारलंही आहे, पण बोल्सा ॲव्हेन्यूची घनता नाही.

व्हँकुव्हर अरुंद आहे, पण खोल. १९९७ मध्ये ब्रिटनने हाँगकाँग चीनच्या हवाली केलं, त्याआधी तिथून आलेल्या कुटुंबांमुळे रिचमंड या उपनगराचं कँटोनीज जेवण आणि डिमसम (वाफवलेले छोटे पदार्थ) उत्तर अमेरिकेत सर्वांत नेमकं. सिडनी सगळ्यांत समतोल: काब्रामाट्टाचं व्हिएतनामी, हेमार्केटचं थाई, ईस्टवुड आणि स्ट्रॅथफील्डचं कोरियन. लंडन माझ्या यादीत शेवटी.

गाडी घेणार असाल तर लॉस एंजेलिस. नसाल तर पुढचे लोक सांगतील.

हाडांचा_रस्सा:
वरच्या प्रतिसादाशी बहुतांश सहमत. 'ओळखायचं कसं' यावर लिहितो. प्रत्येक पाककृतीचा एकच पदार्थ धरा आणि तोच प्रत्येक ठिकाणी मागवा. पन्नास पदार्थांची सरासरी काढत बसलात तर काहीच कळत नाही.

कँटोनीज: गोमांस घालून कोरड्या परतलेल्या रुंद तांदळाच्या नूडल्स, म्हणजे बीफ हो फन. गोमांस नको असेल तर तोच प्रकार दुसऱ्या मांसाचा मागा, परीक्षा नूडलचीच आहे. ताजी हो फन फ्रिजमध्ये ठेवली की तांदळाचा स्टार्च घट्ट होतो आणि कढईत हलवताना तिचे तुकडे पडतात. म्हणून ताटलीत अखंड पट्ट्या आल्या तर समजा, नूडल त्याच दिवशी कारखान्यातून आली आहे. दुसरी खूण तळाशी. नूडल्स संपल्यावर तेलाचं तळं उरलं तर आचाऱ्याने चिकटू नये म्हणून तेल ओतलंय, म्हणजे कढई पुरेशी तापलेली नव्हती. व्यावसायिक वोक बर्नर एक लाख बीटीयूच्या (उष्णतेचं माप) पुढे असतो, घरचा साधारण दहा ते पंधरा हजारांचा. पण एवढा जाळ असूनही एका वेळी चार प्लेटी घातल्या तर पाणी सुटतं, पदार्थ परतला न जाता वाफेवर शिजतो आणि धुरकट वास येतच नाही. शनिवारी रात्री आठला नेमकं हेच होतं. परीक्षा आठवड्याच्या मधल्या दिवशी, दुपारी बारा वाजता घ्या.

डिमसम: हार गाव, कोळंबीचं. पारी गव्हाच्या स्टार्चची आणि थोड्या टॅपिओकाची, उकळत्या पाण्यात मळलेली. वाफवल्यावर आतली कोळंबी गुलाबी दिसली पाहिजे. चॉपस्टिकने उचलताना तळ फाटला किंवा कागदाला चिकटला तर पारी पातळ लाटली गेलीय किंवा जास्त वाफवलीय. कडा पांढरट आणि घट्ट असतील तर ते वाफवून ठेवलेलं आहे. याच कारणाने ढकलगाडीवरून वाढणाऱ्या जागांपेक्षा कागदावर खुणा करून मागवायच्या जागा सहसा सरस ठरतात, गाडीची गंमत कमी झाली तरी. सकाळी साडेदहाच्या आत पोचा.

शांघायचं शियाओलाँगबाओ (आत रस असलेलं वाफवलेलं बाओ): दिन ताय फुंगचं माप सोबत ठेवा, पारी ५ ग्रॅम, सारण १६ ग्रॅम, चुण्या १८. इतरांनी हेच माप पाळावं असं नाही, पण तुलनेला एक टोक मिळतं. आतला रस म्हणजे थंड करून थिजवलेला रस्सा, तो वाफेने वितळतो. बाओ कोरडं निघालं तर एकतर पारीला भोक आहे किंवा थिजलेला रस्सा कमी घातलाय.

लान्झोऊच्या हाताने ओढलेल्या नूडल्सचा चीनमध्ये ठरलेला निकष आहे: रस्सा नितळ, मुळा पांढरा, मिरचीचं तेल लाल, कोथिंबीर हिरवी, नूडल पिवळसर. पिवळा रंग पिठात घातलेल्या क्षारामुळे येतो. त्यानेच ती न तुटता ओढता येते. तिथे नूडलची जाडी तुम्हाला विचारतात. विचारली नाही तर त्या कणीक ओढून केलेल्या नसण्याची शक्यता धरा.

सिचुआन: मापो टोफूवर (तिखट रश्श्यातला, खिमा घातलेला टोफू) सिचुआन मिरी शेवटी भुरभुरलेली असावी आणि जीभ झिणझिणली पाहिजे. अमेरिकेत या मिरीच्या आयातीवर १९६८ पासून २००५ पर्यंत बंदी होती, लिंबूवर्गीय झाडांच्या रोगाच्या भीतीने. नंतर परवानगी मिळाली ती उष्णता देऊन निर्जंतुक केलेल्या मालाला, आणि त्या प्रक्रियेत वास उतरतो. आता चांगला माल मिळतो. तरीही नुसतं तिखट लागलं आणि झिणझिण्या आल्या नाहीत तर ते हॉटेल जुन्या काळात अडकलंय.

व्हिएतनामी फो (हाडांच्या रश्श्यातल्या तांदळाच्या नूडल्स): आधी बाजूची ताटली बघा. तुळशीसारखी थाई बेझिल आणि मोड सगळेच देतात. करवती कडांचं लांब पान (न्गो गाय) असेल तर भाजीचा पुरवठादार व्हिएतनामी आहे. मग काहीही न पिळता, न ओतता रस्सा प्या. भाजलेला कांदा, आलं आणि चक्रफूल लागलं पाहिजे, पण चक्रफुलाने बाकी सगळं झाकू नये. हाडं आठ ते बारा तास मंद आचेवर हवीत. खळखळ उकळलं की चरबी आणि फेस रश्श्यात मिसळून तो गढूळ होतो.

थाई: पाद क्रापाव, म्हणजे तुळशीबरोबर परतलेलं मांस. यात पवित्र तुळस लागते, गोडसर थाई बेझिल नव्हे. बेझिल घातली असेल तर लवंगेसारखा तिखट वास येणार नाही. वर कांदा, ढोबळी मिरची, फरसबी भरली असेल तर मांस वाचवलंय. सोम ताम (कच्च्या पपईची कोशिंबीर) ऑर्डर दिल्यावर कुटलं जातंय का, तेही ऐका. आधी कालवून ठेवलं तर फिश सॉसच्या मिठाने पपई पाणी सोडते आणि तळाशी पांचट रस जमतो.

कोरियन: सोल्लोंगतांग, म्हणजे हाडांचा दुधट रस्सा. तो बिनमिठाचा येतो, मीठ आणि कांद्याची पात टेबलावर असते. खारट करूनच आणला तर मला संशय येतो. नेंगम्योन म्हणजे थंड नूडल्स. त्या बकव्हीटच्या (कुट्टूच्या) कणकेतून ऑर्डरगणिक साच्याने दाबून काढतात. गोळा झालेल्या नूडल्स आल्या तर त्या आधीच उकडून ठेवल्यात.

जपानीचं थोडक्यात: सुशीचा भात अंगाइतका कोमट हवा. थंडगार, दाणा कडक असेल तर मासा कितीही चांगला असला तरी उपयोग नाही.

मेट्रोपास:
गाडी नको ही अट असेल तर क्रम बदलतो. लॉस एंजेलिसमध्ये कोरियाटाउन (विल्शर/वेस्टर्न स्टेशन) आणि थाई टाउन (हॉलिवूड/वेस्टर्न) मेट्रोने होतात. पण व्हॅली बुलेव्हार्डवर मेट्रो नाही, बस आहे, आणि बोल्सा ॲव्हेन्यू गाडीशिवाय म्हणजे अख्खा दिवस गेला. ज्यासाठी लॉस एंजेलिसला जायचं तेच अर्धं सुटतं.

न्यूयॉर्कची ७ नंबरची लाइन तुमच्यासाठीच काढल्यासारखी आहे. वुडसाइड, जॅक्सन हाइट्स, आणि शेवटचं स्टेशन फ्लशिंग–मेन स्ट्रीट. एल्महर्स्टला जॅक्सन हाइट्सहून चालत किंवा दुसऱ्या लाइनने एक-दोन स्टेशनं. फ्लशिंगच्या कोरियन हॉटेलांसाठी मात्र मेन स्ट्रीटहून पूर्वेला नॉर्दर्न बुलेव्हार्ड किंवा मरे हिलकडे जा. मॅनहॅटनच्या ३२ व्या रस्त्यावरचं कोरियाटाउन उशिरापर्यंत उघडं असतं, पण गर्दीच्या मानाने जेवण साधारण. फ्लशिंगच्या फूडकोर्टांतल्या काही गाळ्यांवर कार्ड चालत नाही, रोख ठेवा.

व्हँकुव्हरला कॅनडा लाइन २००९ पासून थेट रिचमंडला जाते, मध्यापासून साधारण पंचवीस मिनिटं. ॲबर्डीन किंवा लॅन्सडाउनला उतरलात की अलेक्झांड्रा रोडची हॉटेलांची रांग चालत अंतरावर. तिथे जिवंत खेकड्याचा भाव मेनूवर 'सीझनल' एवढाच असतो. टाकीतून काढल्यावर तराजूवर वजन दाखवायला सांगा आणि एका पौंड वजनाचा दर आधी ठरवा. किंग क्रॅब असेल तर चौघांसाठी एकच पुरतो: पाय लसणाबरोबर वाफवून, सांधे मीठ-मिरीत तळून, उरलेलं नूडल्स किंवा भातात. मे महिन्यात सुरू होणारी स्पॉट प्रॉनची हंगामी कोळंबी काही आठवडेच असते, तारखा जुळल्या तर सोडू नका.

सिडनीत सगळं लोकल ट्रेनवर. हेमार्केटच्या कॅम्बेल स्ट्रीटचं थाई टाउन सेंट्रल स्टेशनहून चालत. ईस्टवुड, स्ट्रॅथफील्ड, बरवुड, हर्स्टव्हिल सगळी स्टेशनाला लागून. काब्रामाट्टा तेवढं लांब, जवळपास तास धरा.

बिलाबद्दल एक. अमेरिकेत मेनूवरच्या आकड्यावर विक्रीकर आणि १८ ते २० टक्के टिप चढते, कॅनडातही जवळपास तसंच. लंडनमध्ये बहुतेक वेळा १२.५ टक्के सर्व्हिस चार्ज बिलात आधीच असतो. सिडनीत कर किमतीत धरलेला, टिपची सक्ती नाही, पण रविवारी किंवा सुट्टीच्या दिवशी अधिभार लावतात. दोन शहरांचे मेनू शेजारी ठेवून 'हे स्वस्त' म्हणण्याआधी हे धरा.

टेम्सकाठ:
लंडनला एका वाक्यात शेवटी टाकलंय, ते पटलं नाही. सोहोतली जेरार्ड स्ट्रीट बघून मत बनवलं तर तसंच होणार. न्यू मॉल्डन वॉटरलूहून ट्रेनने साधारण अर्ध्या तासावर आहे आणि युरोपातल्या सर्वांत मोठ्या कोरियन वस्त्यांपैकी एक तिथे आहे. किंग्सलँड रोडला व्हिएतनामी हॉटेलांची रांग. २०२१ पासून हाँगकाँगच्या लोकांना मिळणाऱ्या व्हिसामुळे कँटोनीज चहा-टोस्टवाल्या जागा वाढल्यात, आणि चिनी विद्यार्थ्यांमुळे मालातांग (झिणझिणीत रश्श्यात शिजवलेले निवडक पदार्थ) व सिचुआन आता मध्यवर्ती भागातही नीट मिळतं. थाई आणि व्हिएतनामीत सिडनीपुढे टिकत नाही, हे मान्य.

कढईखालचा_जाळ:
विद्यार्थ्यांचा मुद्दा बरोबर, पण त्याची दुसरी बाजूही आहे. विद्यार्थ्यांच्या जिवावर वाढलेल्या भागात एकट्याने खायचे पदार्थ जोरात असतात: मालातांग, सळईवर भाजलेले पदार्थ, नूडल्स, बबल टी. दहा जणांच्या टेबलाचं जेवण, म्हणजे अख्खा वाफवलेला मासा किंवा भाजलेलं बदक, कुटुंबं स्थायिक झालेल्या भागात चांगलं. चौघं असाल तर दुसरा प्रकार शोधा, कारण चौघांत पाच-सहा पदार्थ वाटून खाता येतात. लंडन पहिल्यात सुधारलंय, दुसऱ्यात नाही.

पानवाढप:
फार उपयोगी. सिडनी आणि न्यूयॉर्क उरलेत. शाकाहारी माणसाचं काय करायचं? नुसत्या भाताची वाटी देऊन बसवायचं नाहीये.

निवडणटिपण:
'व्हेज आहे का' हा प्रश्न निरुपयोगी आहे. मांसाचे तुकडे नाहीत एवढाच त्याचा अर्थ लावला जातो. पदार्थाच्या आतलं काय आहे ते विचारा. थाई करी पेस्टमध्ये झिंग्यांची आंबवलेली चटणी असते, हिरव्या करीत टोफू घातला तरी ती निघत नाही. परतलेल्या पालेभाजीत ऑयस्टर सॉस (कालवांचा). मापो टोफूत आणि सिचुआनी कोरड्या परतलेल्या फरसबीत खिमा. किमचीत (कोरियन आंबवलेल्या भाजीत) खारवलेले झिंगे किंवा मासळीचा अर्क. जपानी मिसो सूप आणि बहुतेक बुडवायचे सॉस बोनिटो माशाच्या दाशीवर, म्हणजे रश्श्यावर. टेम्पुराच्या पिठात अंडं.

खात्रीच्या जागा बौद्ध शाकाहारी हॉटेलांच्या. चिनी बौद्ध पद्धतीत मांस-मासे नाहीतच, बऱ्याच ठिकाणी कांदा-लसूणही नसतो. मात्र सोया आणि ग्लुटेनच्या नकली मांसात कधी कधी अंड्याचा पांढरा भाग बांधायला वापरतात, ते विचाराच. व्हिएतनामी हॉटेलावर 'चाय' लिहिलेलं असलं तर तो शाकाहारी बौद्ध मेनू आहे. चांद्र महिन्याच्या १ आणि १५ तारखेला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, अनेक व्हिएतनामी लोक शाकाहार पाळतात, तेव्हा एरवी मांसाहारी असलेल्या जागीही चाय पदार्थ निघतात. सहलीच्या तारखा यावर बसवता आल्या तर बसवा. थाई दुकानावर पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरं दिसली तर तो 'जे' म्हणजे कडक शाकाहाराचा फलक.

सिडनी की न्यूयॉर्क, शाकाहारासाठी फार फरक नाही. सिडनीत व्हिएतनामी चाय सोपं, न्यूयॉर्कमध्ये चिनी बौद्ध हॉटेलं सोपी. कोरियन दोन्हीकडे अवघड: बिबिमबाप (भाज्या घातलेला भात) अंड्याशिवाय मागा, गोचुजांग (मिरचीची पेस्ट) चालेल, पण सोबतच्या वाट्यांना हात लावण्याआधी एकेक विचारा. मऊ टोफूच्या आमटीचा रस्साही बहुधा अँकोव्हीचा असतो.

मेट्रोपास:
सिडनी ठरलंच तर काब्रामाट्टा सकाळी ठेवा. तो दिवसाचा बाजार आहे, संध्याकाळी लवकर आवरतात. दहाला पोचून न्याहारीला फो, दुपारी बान्ह मी (व्हिएतनामी सँडविच) आणि उसाचा रस, तीनला परत. थाई टाउन उलट रात्रीचं. कुटुंबांच्या हॉटेलांची साप्ताहिक सुट्टी बऱ्याचदा सोमवार किंवा मंगळवारी असते, त्या दोन दिवसांत फूडकोर्ट आणि डिमसम ठेवा. चांद्र नववर्षाचे पहिले तीन-चार दिवस टाळा, तेव्हा ठरलेला महागडा मेनू आणि अपुरे आचारी.

ऑनलाइन मतं वाचताना तारखेनुसार लावा आणि शेवटच्या तीन महिन्यांतले फोटोच बघा. या धंद्यात मुख्य आचारी सारखे हॉटेल बदलतात, दोन वर्षांपूर्वीचे पाच तारे दुसऱ्याच माणसाच्या हाताचे असू शकतात. 'वेटर हसला नाही' म्हणून कापलेले तारे मोजू नका.